लंडन : होबर्न ते लाइमहाउस एकट्याने पायी, वाटेत जुने पब. आराखडा तपासून द्याल का?

नकाशावेडा

मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. बरोबर कोणी नाही. संग्रहालयं, राजवाडे वगैरे नकोत. शहर पायाखालून घालायचं आणि दमलं की जुन्या पबात टेकायचं, एवढंच डोक्यात आहे. आराखडा असा :

शनिवार, दुपारी ३ ला सुरुवात. द लॅम्ब (लॅम्ब्ज कॉन्ड्यूट स्ट्रीट) – सिटी ऑफ यॉर्क – ये ओल्ड माइटर – ये ओल्ड चेशायर चीज – द ब्लॅकफ्रायर – पूल ओलांडून द जॉर्ज – टॉवर ब्रिजवरून परत उत्तरेला – प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी – द ग्रेप्स. आठ पब, प्रत्येक ठिकाणी एक पाइंट. फोनवरचा नकाशा ११-१२ किलोमीटर दाखवतो.

प्रश्न :
१) क्रम बरोबर आहे का, की उलटा करू?
२) आठ पाइंट जास्त होतात का? बिअरच तर आहे.
३) एकट्याने टेबल मिळतं का? ऑर्डर कशी द्यायची?
४) शाकाहारी आहे (अंडं चालतं). खायचे हाल होतील का?

---

टेम्सकाठ

क्रम छान आहे. वार, वेळ आणि पाइंट, तिन्ही चुकलेत.

आधी वार. तुमचे पहिले पाचही पब सिटी (लंडनचा जुना व्यापारी गाभा) आणि होबर्नच्या कचेऱ्यांच्या भागात किंवा त्याला लागून आहेत. हा भाग सोमवार ते शुक्रवार जगतो. शनिवार-रविवारी तिथे गल्लीत कबुतरं सोडून कोणी नसतं आणि बरेच पब कुलूपबंद असतात. माइटर तर शनिवार-रविवार बंदच असतो, आणि या वाटेवरचा एकच पब निवडा म्हटलं तर मी तोच निवडेन. म्हणून मंगळवार किंवा बुधवार धरा. सोमवारी बरो मार्केट बंद, ते तुमच्या वाटेत जॉर्जच्या शेजारी आहे. गुरुवारी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर सिटीतल्या पबांबाहेर फुटपाथवर उभं राहायला जागा नसते. शुक्रवारचा सगळा हैदोस आता गुरुवारी सरकलाय. निघायच्या दिवशी सकाळी प्रत्येक पबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेळ बघा. नकाशातल्या वेळांवर विसंबू नका, खासगी समारंभासाठी पब मध्येच बंद असतो.

दुसरं, वेळ. दुपारी ३ ला निघालात तर ब्लॅकफ्रायरला नेमके साडेपाच-सहाला पोचाल, म्हणजे गर्दीच्या तोंडी. आणि वॉपिंगला पोचेपर्यंत काळोख. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य साधारण साडेसातला मावळतो. वॉपिंगची सगळी मजा नदी दिसण्यात आहे. म्हणून बाराला सुरुवात करा.

माझ्या मते घड्याळ असं असावं :

१२.०० लॅम्ब. दार उघडल्या उघडल्या जा, मग काउंटर नीट बघता येतो. काउंटरच्या वर डोक्याच्या उंचीला नक्षीकाम केलेल्या काचेच्या छोट्या झडपा आहेत, उभ्या दांड्यावर फिरणाऱ्या. यांना ‘स्नॉब स्क्रीन’ म्हणतात. व्हिक्टोरियन काळात पलीकडच्या कोंदणातल्या साध्या गिऱ्हाइकाला (आणि नोकरालाही) आपला चेहरा दिसू नये म्हणून साहेब लोक झडप बंद करून प्यायचे. हात खालून पुढे केला की ग्लास मिळायचा. लंडनमध्ये मूळच्या अशा झडपा फार थोड्या ठिकाणी उरल्यात. फिरवून बघा, पण हळू.

१.०० ग्रेज इन (बॅरिस्टरांची जुनी संस्था) आणि सिटी ऑफ यॉर्क. ग्रेज इनची बाग कामाच्या दिवशी दुपारी १२ ते अडीचच्या सुमारास लोकांना खुली असते. याच ग्रेज इनमधून बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. सावरकरही इथलेच विद्यार्थी, परीक्षा देऊनही त्यांना सनद नाकारली गेली. बागेतून हाय होबर्नला बाहेर पडलात की कमानीला चिकटूनच सिटी ऑफ यॉर्क. पबवरची पाटी १४३० वगैरे सांगते. तो काळ जागेचा आहे, इमारतीचा नाही. इमारत १९२० च्या दशकातली. मागच्या मोठ्या दालनात गेल्याशिवाय परतू नका : उंच उतरतं छप्पर, वरच्या कठड्यावर मोठमोठी पिंपं, कडेला दोघा-तिघांपुरती लाकडी कोंदणं, आणि मधोमध १८१५ ची तीन बाजूंची लोखंडी शेगडी. तिला वर धुराडं नाही, धूर फरशीखालून जातो. कोंदण एकट्या माणसाला सोयीचं, दुपारी दीडच्या आधी मात्र वकीलमंडळी बळकावून बसलेली असतात.

२.१५ माइटर. हा शोधायला अवघड आहे. हॅटन गार्डन रस्त्यावर दुकानांच्या रांगेत एक अगदी अरुंद बोळ आहे, वर बिशपच्या टोपीचं चिन्ह टांगलेलं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. दुसरं तोंड ईली प्लेसकडून. तो खासगी रस्ता आहे, फाटकाशी पहारेकरी असतो, पण पायी जायला कोणी अडवत नाही. पब मुळात १५४६ चा, ईलीच्या बिशपच्या नोकरांसाठी. आजची इमारत १८ व्या शतकातली. पुढच्या खोलीत कोपऱ्यात काचेमागे चेरीच्या झाडाचं खोड आहे. पहिली एलिझाबेथ त्याभोवती नाचली म्हणतात. ती गोष्ट ऐकायची आणि सोडून द्यायची. जागा इतकी लहान की १२.३० ते २ मध्ये आत शिरणं व्यर्थ. सव्वादोनला जाणं हा सगळ्या वेळापत्रकाचा खिळा आहे, बाकी पुढे-मागे करा.

३.१५ चेशायर चीज. होबर्न सर्कस ओलांडून न्यू फेटर लेनने दक्षिणेला, मग डावीकडे गल्ल्यांतून गॉफ स्क्वेअर. तिथे इंग्रजी शब्दकोशकार डॉ. जॉन्सनचं घर आहे आणि समोर त्याच्या मांजराचा पुतळा. मांजर शब्दकोशावर बसलंय, पायाशी कालवांचे शिंपले. चौकातून खाली उतरलात की वाइन ऑफिस कोर्ट, आणि उजव्या की डाव्या दाराचा घोळ न घालता फलक वाचा : पब कुठल्या कुठल्या राजवटींत चालू होता त्यांची यादी तिथे रंगवली आहे. १६६६ च्या आगीत जळून १६६७ ला पुन्हा बांधलेला. आत दिवसाही अंधार. डोळे सरावायला दोन मिनिटं उंबऱ्याशीच थांबा. तळघरातल्या दालनांकडे जाणारे जिने उभे आहेत आणि तुळया खाली, कपाळमोक्षाची हमखास जागा.

४.१५ ब्लॅकफ्रायर. पाचर मारल्यासारखी त्रिकोणी इमारत. १९०५ पासून पुढे आतून संगमरवर, तांबं, मोझॅक यांनी मढवली. भिंतींवर जाडे मठवासी मासे पकडतायत, गाणी म्हणतायत. मागच्या छोट्या कमानदार खोलीत छताखाली उपदेशपर वाक्यं कोरलीत, जसं की ‘घाई म्हणजे दिरंगाई’ अशा अर्थाचं. १९६० च्या दशकात हा पब पाडायला निघाले होते, कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी ओरड केली म्हणून वाचला. पावणेपाचला बाहेर पडा.

बाहेर पडताना एक धोका : दारासमोरून आणि पुलावरून दुहेरी सायकलमार्ग जातो. गाड्या तिकडेही डावीकडूनच धावतात, त्यामुळे आपण रस्ता सवयीने बरोबर ओलांडतो, पण सायकली दोन्ही बाजूंनी येतात, सुसाट आणि बिनआवाज. अर्ध्या पाइंटनंतर तर दोन्हीकडे मान वळवून बघायची सवय लावा.

५.३० जॉर्ज. पूल ओलांडून डावीकडे नदीकाठची पायवाट. टेट मॉडर्न, ग्लोब, क्लिंक स्ट्रीट, सदर्क कॅथीड्रल, बरो मार्केट. (‘साउथवार्क’ म्हणाल तर कोणाला कळणार नाही, ‘सदर्क’.) जॉर्ज १६७६ च्या सदर्कच्या आगीनंतर १६७७ ला बांधलेला, सज्जे असलेला लंडनमधला शेवटचा घोडागाड्यांचा मुक्कामी पब. एके काळी चौकाच्या तीन बाजूंना इमारत होती, १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडल्या. मालकी नॅशनल ट्रस्टची. इथे पंधरा मिनिटं चौकात उभं राहून बघा आणि चला. संध्याकाळी इथे कोणीच एकटं नसतं, टोळक्यांचा पब आहे.

६.१५ टॉवर ब्रिज. पूल वर्षाला सुमारे ८०० वेळा उघडतो, वेळापत्रक आधी जाहीर असतं. नेमके अडकलात तर पाच-दहा मिनिटं जातील. तोही तमाशा बघण्यासारखा असतो म्हणा.

७.१५ प्रॉस्पेक्ट. सेंट कॅथरीन डॉक्समधून वॉपिंग हाय स्ट्रीट. हा रस्ता दगडी चौकोनांचा आहे, पावसात साबण लावल्यासारखा. सपाट तळाचे कातडी बूट घालून येऊ नका. वाटेत टाउन ऑफ रॅम्सगेट नावाचा चिंचोळा पब लागतो, त्याच्या बाजूने वॉपिंग ओल्ड स्टेअर्स नदीत उतरतात. ओहोटी असली तरी पायऱ्यांवरून खाली जाऊ नका. लंडनमध्ये टेम्सची भरती-ओहोटी सात मीटरपर्यंत जाते, पाणी भराभर चढतं, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि एकट्या माणसाला ओढायला वर कोणी नसतं. वरूनच बघा. प्रॉस्पेक्ट स्वतःला १५२० चा म्हणवतो. फरशी जुनी दगडी, काउंटरला जस्ताळ रंगाचा प्यूटरचा पत्रा, मागच्या गच्चीवरून नदी, आणि नदीकडेच टांगलेला फाशीचा दोर. तो सजावटीसाठी आहे, पण चाचेगिरीच्या गुन्ह्यांसाठी फाशी देण्याचा एक्झिक्यूशन डॉक याच काठाला होता. कॅप्टन किडला १७०१ मध्ये वॉपिंगलाच लटकवलं.

८.३० ग्रेप्स. नॅरो स्ट्रीट. १७२० च्या दशकातली इमारत, जेमतेम दोन माणसं हात पसरतील एवढी रुंद. अभिनेता इयन मकेलन याच्या मालकांपैकी एक. मागच्या लाकडी सज्जावर बसा. परतायला वेस्टफेरी हे डीएलआरचं (हलकी शहरी रेल्वे) स्टेशन सात-आठ मिनिटांवर.

चालणं एकूण पावणेतीन तासांचं. बाकी वेळ बघण्याचा.

---

पिंपातला

वर टेम्सकाठांनी वाट दाखवलीच आहे, मी ग्लासात बघतो.

“बिअरच तर आहे” या वाक्यावर जरा थांबू. पाइंट म्हणजे ५६८ मिली. आठ पाइंट म्हणजे साडेचार लिटर द्रव. दारूचं गणित तिकडे युनिटमध्ये करतात : मिली गुणिले टक्के भागिले १०००. ४ टक्क्यांचा एक पाइंट म्हणजे २.३ युनिट. आठचे १८. तिथल्या आरोग्य खात्याची आठवड्याची शिफारस १४ च्या आत राहण्याची आहे, आणि शरीर ताशी साधारण एकच युनिट निपटतं. म्हणजे सहाव्या पबात तुम्हाला काही दिसणारच नाही, आणि वॉपिंगच्या ओल्या दगडांवर एकटे असाल.

‘हाफ’ मागा. अर्धा पाइंट मागायला लाज कसली, तिकडचे जाणकार चालायला निघाले की हाफच घेतात. चार हाफ आणि शेवटच्या ग्रेप्समध्ये एक पूर्ण पाइंट, सात-आठ तासांत ७ युनिटच्या आसपास. हेही कमी नाही, पण चालत, खात, पाणी पीत निभतं. पाणी फुकट : दारूपरवाना असलेल्या जागेने गिऱ्हाइकाला नळाचं पाणी विनामूल्य देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक हाफबरोबर एक ग्लास मागून घ्या. लघवीची सोयही त्या त्या पबातच उरका. पुढचा पब अर्ध्या तासावर असतो आणि नदीकाठी सार्वजनिक स्वच्छतागृह सापडेलच असं नाही.

क्रम हलक्याकडून जडाकडे. ३.५ ते ४ टक्क्यांचे बिटर (इंग्लंडची नेहमीची कडवट एल बिअर) आधी, पोर्टर-स्टाउट (काळ्या बिअर) शेवटी. ५.५ टक्क्यांचा ईएसबी (जास्त तगडं बिटर) दुपारी दोनला घेतलात तर माइटरमधून बाहेर पडायचा बोळ दोनदा शोधाल.

आता प्यायचं काय. हे पब लागर (आपल्याकडची नेहमीची थंडगार बिअर) पिण्यासाठी नाहीत, लागर पुण्यातही मिळते. ‘कास्क एल’ घ्या. पिंपात यीस्ट जिवंत असतं, तळघरात पिंप आडवं ठेवतात, तिथेच दुसरं आंबवणं होतं. वायू वरून भरत नाहीत. तापमान ११ ते १३ अंश. म्हणून पहिल्या घोटाला आपल्याकडच्या माणसाला ती ‘गरम आणि सपाट’ लागते. तो दोष नाही. बर्फाळ केली तर चवच मरते. काउंटरवर उभे लाकडी दांडे दिसतील, ते हातपंप (बोअरवेलचा नव्हे). चांगला हात एका हाफला एक-दोन लांब ओढी देतो, झटके देत नाही. नळाचं तोंड ग्लासच्या तळाशी. लंडनमध्ये फेस पातळ असतो. उत्तर इंग्लंडात नळाला चाळणी लावून जाड फेस आणतात, तो तिकडचा रिवाज.

दांड्यावरची पट्टी वाचा : नाव, ब्रुअरी, टक्के. पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपलंय. ठरत नसेल तर थोडी चव मागा, घोटभर देतात. पण रांग असताना चार चवी मागू नका.

काय बिघडतं तेही सांगतो, कारण तुम्ही दार उघडतानाच जाणार आहात :

– रात्रभर नळीत राहिलेली बिअर. तळघरापासून नळापर्यंत लांब नळी असते, त्यातली बिअर कोमट आणि मेलेली होते. चांगला पब सकाळी ती ओढून फेकतो, आळशी पब पहिल्या गिऱ्हाइकाला पाजतो. पहिला घोट कोमट, बोथट लागला तर हेच.
– जुनं पिंप. एका फर्किनमध्ये (पबातलं नेहमीचं पिंप) ७२ पाइंट, उघडल्यावर तीनेक दिवसांत संपायला हवं. आत हवा शिरत जाते, मग आंबूस, व्हिनेगरसारखा वास. म्हणून सात दांडे आणि रिकामा पब यापेक्षा तीन दांडे आणि हलती गिऱ्हाइकी बरी.
– गढूळपणा. काही बिअर मुद्दाम गढूळ करतात, तेव्हा आधी विचारा. बिटर गढूळ आणि वर आंबट असेल तर परत करा.

परत करताना दोन घोटांच्या आत, ग्लास काउंटरवर ठेवून, आवाज न चढवता : बदलून मिळते. अर्धी पिऊन तक्रार केलीत तर कोणी ऐकणार नाही. ग्लास काठोकाठचा असेल तर फेस मापात धरतात, पण फारच फेस आला तर ‘टॉप अप’ मागण्यात वावगं काही नाही.

एका मुद्द्यावर टेम्सकाठांशी मतभेद. ब्लॅकफ्रायर बघायचा पब आहे, प्यायचा नाही. तिथे पाणी किंवा लाइम सोडा घ्या आणि हाफ सिटी ऑफ यॉर्कला घ्या. सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीचा पब आहे, शेजारच्या पबांपेक्षा पैसेही कमी पडतात. मध्य लंडनमध्ये पाइंटचे ६-७ पौंड सहज जातात.

---

अर्धी विजार

सॅम्युअल स्मिथवरून : या ब्रुअरीच्या पबांत (तुमच्या यादीत सिटी ऑफ यॉर्क आणि चेशायर चीज) फक्त त्यांचाच माल मिळतो, संगीत नसतं, टीव्ही नसतो, आणि फोन वापरायला बंदी आहे. ‘बघून पटकन ठेवतो’ हेही चालत नाही, सरळ बाहेर जायला सांगतात. तेव्हा वाट कागदावर छापून घ्या. तसंही त्या गल्ल्यांत उंच इमारतींमुळे फोनच्या नकाशातला निळा ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उड्या मारत असतो. कागदावर गल्लीची नावं क्रमाने लिहिलेली असली की काम भागतं. आणि एक पुस्तक ठेवा. एकट्या माणसाचं टेबलावरचं आधारकार्ड ते.

यादीत प्रिन्सेस लुईझ नाही? लॅम्बहून हाय होबर्नला उतरताना थोडं पश्चिमेला वळलात की आहे, तोही त्यांचाच. १८७२ चा पब, १८९१ ची सजावट : रंगीत फरशा, कोरीव आरसे, आणि काउंटरभोवती लाकडी आडोशांनी पाडलेल्या छोट्या छोट्या खोल्या. पुरुषांच्या मुताऱ्यासुद्धा संरक्षित वारसा आहेत. पाच मिनिटांत बघून निघा, प्यायलाच हवं असं नाही.

जाता जाता : ‘ये ओल्ड’ असा उच्चार करू नका. जुन्या इंग्रजीत ‘थ’ साठी वेगळं अक्षर होतं, ते लिहिताना ‘वाय’ सारखं दिसू लागलं आणि छापखान्यात त्याजागी ‘वाय’च वापरायचे. शब्द आहे ‘द’. काउंटरवर नुसतं ‘माइटर’, ‘चेशायर चीज’ म्हणा.

---

भरली_वांगी

चौथ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून.

हाल होणार नाहीत, पण बिअरमध्येच मासा आहे हे आधी समजून घ्या. कास्क एल निवळायला ‘आयसिंग्लास’ घालतात, म्हणजे माशाच्या वायुकोषातलं प्रथिन. यीस्टच्या कणांना धरून ते तळाशी बसतं. ग्लासात जवळजवळ काही उतरत नाही, पण कडक पाळणाऱ्याने ठरवायचं. सगळ्याच कास्कमध्ये असतं असं नाही. ‘इज धिस व्हीगन?’ एवढा प्रश्न पुरतो, नाहीतर बाटलीतली घ्या. सॅम्युअल स्मिथच्या बाटल्या बहुतेक चालतात, त्यांचं पिंपातलं ओल्ड ब्रुअरी बिटर चालत नाही.

खाण्याचे सापळे :
– स्कॉच एग : अंड्याभोवती डुकराच्या मांसाचं आवरण.
– पोर्क स्क्रॅचिंग्ज : पाकीट कुरकुऱ्यांच्या शेजारीच टांगलेलं असतं, डुकराची तळलेली कातडी.
– चिप्स : बऱ्याच ठिकाणी मासा आणि चिप्स एकाच कढईत. विचारा.
– व्हेजिटेबल पाइ (पिठाच्या कवचात भाजलेल्या भाज्या) : वरचं कवच ‘सूएट’चं (गाई-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी) असू शकतं.

निर्धोक : प्लाउमन्स (ब्रेड, चीज, लोणचं. त्यात हॅम नको म्हणून सांगा), खारे दाणे, साध्या चवीचे वेफर्स, लोणच्यातलं अंडं. पण पबच्या जेवणावर सगळा भार टाकू नका. बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होऊन संध्याकाळी उघडतं, तुमच्या वेळापत्रकात नेमकं मध्ये भोक पडतं. माइटरच्या आधी लेदर लेनचा बाजार धरा, दोन पावलांवर आहे : सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या जेवणापुरता, फलाफल वगैरे भरपूर. दोनच्या आत पोचा, नंतर गाड्या आवरतात. दुसरं पोटभर खाणं बरो मार्केटला.

पेयांतले दोन शब्द फसवतात. ‘लेमोनेड’ म्हणजे लिंबू सरबत नव्हे, गोड पांढरा सोडा. आणि ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, सफरचंदाची दारू, बहुतेकदा बिअरपेक्षा जड. मधल्या थांब्यांसाठी ‘लाइम अँड सोडा’ स्वस्त आणि कोणी भुवया उंचावत नाही.

---

नकाशावेडा

सगळ्यांचे आभार. शनिवार रद्द, बुधवार पक्का. हाफ पक्का. फक्त तिसरा प्रश्न राहिला, एकट्याने बसायचं कसं? आणि मैत्रीण हाच आराखडा नोव्हेंबरात करणार आहे, तीही एकटीच. तिच्यासाठी काही वेगळं?

---

टेम्सकाठ

टेबलावर बसून कोणी यायची वाट बघू नका, कोणी येणार नाही. काउंटरशी जा, तिथेच मागा, तिथेच पैसे द्या. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमच्याकडे आधी वळले आणि शेजारी तुमच्याआधीचा असेल तर त्याच्याकडे बोट दाखवा, पुढच्या वेळी तो तुमच्याकडे दाखवेल. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, ‘एक्सक्यूज मी’चा गजर, सगळं वर्ज्य. नजर द्या, पुरे. टिप नाही. कार्ड चालतं. वय तरुण दिसत असेल तर पासपोर्टची प्रत नको, मूळ ओळखपत्र लागतं.

एकट्याची जागा काउंटरचा कोपरा. मात्र जिथून लोक ऑर्डर देतात किंवा रिकामे ग्लास परत ठेवतात ती जागा अडवू नका. टेबल धरून स्वच्छतागृहाला जायचं असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवतात : ‘परत येतोय, उचलू नका.’ पासपोर्ट, फोन तसाच ठेवून जायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबरची गोष्ट वेगळी. सूर्य चार-सव्वाचारला मावळतो. आराखडा तसाच ठेवला तर ब्लॅकफ्रायरपासून पुढे सगळं अंधारात. तिने वाट उलटी करावी : बाराला ग्रेप्स किंवा प्रॉस्पेक्ट, वॉपिंग भर उजेडात, अडीचपर्यंत टॉवर ब्रिज, जॉर्ज, आणि काळोख पडताना ब्लॅकफ्रायर. संध्याकाळी माइटर-होबर्नचा भाग दिव्यांनी आणि माणसांनी भरलेला असतो. वॉपिंग रात्री वाईट नाही, पण निर्मनुष्य आहे, दोन्ही बाजूंना गोदामांच्या उंच भिंती. फक्त माइटरला तेव्हा उभ्यानेच प्यावं लागेल. मधूनच सोडायचं झालं तर वॉपिंगला विंडरश लाइन (ओव्हरग्राउंड रेल्वे), पुढे टॉवर हिल, लंडन ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स, फॅरिंगडन अशी स्टेशनं दर दोनेक किलोमीटरवर आहेत.

---

पिंपातला

तिच्यासाठी दोन जोड. ग्लास काउंटरवर ठेवून उठायचं झालंच तर चकतीवर विसंबू नये. संपवून उठावं किंवा सोडून द्यावा आणि परत आल्यावर नवा हाफ घ्यावा, तीन-चार पौंडांचा प्रश्न आहे. दुसरं, कोणी फारच चिकटलं तर काउंटरवर ‘अँजेला आहे का’ असं विचारायचं. ही तिथल्या अनेक पबांनी घेतलेली खूण आहे. कर्मचारी न बोलता बाजूला घेतात, टॅक्सी बोलावतात. स्वच्छतागृहात तसा कागद चिकटवलेला दिसतो.

आणि दोघांनाही : ग्लास घेऊन पबच्या हद्दीबाहेर जाऊ नका, फुटपाथवर कुठवर चालतं ते बाहेरची गर्दी बघून कळतं. उघडी बाटली घेऊन ट्यूबमध्ये चढू नका, २००८ पासून लंडनच्या ट्यूब-बसमध्ये दारू पिण्याला बंदी आहे.

---

अर्धी विजार

उलट्या वाटेत एक अडचण : लेदर लेनचा बाजार हुकेल. तिने बरो मार्केटलाच पोटभर खाऊन घ्यावं, आणि सोमवार टाळावा.

---

नकाशावेडा

कागद छापला. एका बाजूला गल्ल्या, दुसऱ्या बाजूला वेळा, माइटरपुढे लाल पेनाने २.१५.